तेल प्यालेली दांडी

पंचवटीतल्या नवसाबाईंच्या घरात वस्तू तुटत नसत, 'वाढत' असत. बांगडी वाढे, नारळ वाढे, आणि नातवाच्या बारशाच्या आदल्या दिवशी पाळण्याची दांडीही वाढली. म्हणजे ज्या आडव्या लाकडाला पाळणा टांगतात, त्याचे दोन तुकडे झाले. शेजारच्या गोरक्षभाऊंना बोलावणं गेलं. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या मोडक्या सामानाचे ते पालक होते.

गोरक्षभाऊंचं म्हणणं साधं. टोकाला टोक चिकटवलं तर ती नुसती ओळख. तिरका काप घेऊन लाकूड लाकडाला लांबवर टेकवलं, तर नातं. त्यांनी दोन्ही टोकं तिरकी तासली, घासली, पुसली आणि क्लॅम्प आणायला घरी गेले. परत आले तेव्हा ताजे काप पिवळेधमक होते.

"तेल-हळद लावली," नवसाबाई म्हणाल्या. "कोरं लाकूड कुनी जोडतं व्हय?"

"वहिनी, तेलावर काही चिकटत नाही. नवी दांडी आणू."

"माझा दीपक हिच्यावरच झुलला. नवी नाय."

"पण उद्या ही तु..."

"शुभ बोला, भाऊजी."

गोरक्षभाऊंनी पुन्हा घासलं, चिकटवलं, आवळून ठेवलं. तेल मात्र आत मुरलं होतं, आणि ते सांगायला लागणारा शब्द त्या घरात बंद होता.

बारशाला गोरक्षभाऊ पाळण्याशेजारी बसले. सून पूजा बाळाला निजवायला पुढे झाली, तसे ते म्हणाले, "आधी वरवंटा. पूर्वी तसंच करायचे."

"कधी देवळात दिसत नाहीत, आन आज चालीरीती," नवसाबाई म्हणाल्या. पण सुखावल्या.

टोपडं घालून वरवंटा निजवला. बायकांनी झोका दिला. दुसऱ्या झोक्याला वर बारीक कुरकुर झाली. ती एकट्या गोरक्षभाऊंना ऐकू आली. तिसऱ्याला पाळणा खाली होता. वरवंट्याखालची फरशी तडकली होती.

पूजाने बाळाला छातीशी धरलं.

"पीडा दगडावर गेली," नवसाबाई म्हणाल्या. "दीपक, ती झटपट चिकटायची ट्यूब आण. बाळाला सांजच्याला निजवू."

दीपक निघालाही. पूजाने सासूकडे पाहिलं, मग गोरक्षभाऊंकडे.

त्यांनी दांडीचे दोन्ही तुकडे उचलले, मागच्या अंगणात गेले आणि पाणी तापवायच्या पेटत्या बंबात घातले. तेलकट लाकूड, लगेच पेटलं. मागून नवसाबाईंची पावलं आली आणि थांबली. पुढे गल्लीत ट्यूब आणायला निघालेल्या दीपकची मोटारसायकल वळत होती. गोरक्षभाऊ बंबाला आडवे उभे राहिले.