यादीतली हिरा, समोरची सुमन

मंडळी, आठ दिवस तुम्हाला पत्र लिहायचं टाळत होतो, पण आज डोकंच फिरलं.

काकू नांदगावला माहेरी गेली असताना तिथल्या कॅन्सर तपासणीच्या शिबिरात तिनं सवयीनं माहेरचं नाव सांगितलं, हिरा. सासरी ती सुमन. आज तपासणीचा निकाल विचारायला तिच्याबरोबर इथल्या दवाखान्यात गेलो, तर शिबिराकडून कॉम्प्युटरवर छापून आलेल्या यादीत हिरापुढे ‘ताबडतोब बोलवा’ असं लिहिलेलं. पत्ता आमचाच.

तिथला बाबू म्हणाला, “ह्या तर सुमन. हिराला पाठवा.”

“अहो, हीच हिरा.”

“कॉम्प्युटर चुकत नसतो, भाऊ.”

असल्या माणसाला पगार देण्यापेक्षा ती यादीच खुर्चीत बसवावी. काकू घाबरून पदर चुरगाळत राहिली. तुमच्याकडेही असले दिवटे आहेत का?

थांबा, आमच्या दारात चक्क शिबिरातल्या सिस्टर उभ्या आहेत. म्हणतात, “हिराताई, वाट बघून मीच आले. चला.”