अलेक्सिसचा दिवस गाळला

असिमिनाकाकूची बोटं कायम सुजलेली असत. उभं आयुष्य उकळत्या पाण्यातून रेशमाचे कोश काढले, दुसरं काय होणार? आख्ख्या कुमी गावात तिच्याइतका बारीक धागा कुणाला जमत नसे. आणि फटकळ तर इतकी, की बंदरावरचे खलाशीसुद्धा तिला वाट द्यायचे. मी एवान्थिया, तिची शेजारीण. तिची बोलणी मीही खाल्लीत.

तिचा एकुलता एक अलेक्सिस तुर्कांशी लढायला आशिया मायनरला गेला, तो गेलाच. मेल्याचा निरोप नाही, प्रेत नाही. कैद्यांना घेऊन शेवटची बोट आली, तीतही नव्हता. गावाने त्याला मनातल्या मनात पुरून टाकलं. काकूने नाही.

आमच्याकडे वाढदिवसाला कोण विचारतो? ज्या संताचं नाव, त्याचा दिवस तो आपला दिवस. सतरा मार्चला, संत अलेक्सिसच्या दिवशी, काकू दार सताड उघडून हिरव्या अंजिरांच्या मुरंब्याचं तबक मांडायची. आम्ही चमचाभर खाऊन म्हणायचो, "लेक लाभो तुला!" म्हणजे मुलाचं सुख मिळो; हे फक्त जित्या मुलाच्या आईला म्हणतात. त्या एका शब्दावर बाई वर्ष काढायची.

पापा-थानासिस, आमचे पाद्री, तिच्या मागेच लागले होते. "आता त्याच्या नावाने गहू शिजव, मृतांची प्रार्थना करू. किती दिवस स्वतःला फसवशील?"

"तुमच्या घरचं कुणी मेलं की शिजवा," काकू म्हणायची.

मग आलं १९२४ साल. सरकारने आपलं कॅलेंडर आधीच बदललं होतं, आता चर्चनेही बदललं. ऐन उपासाच्या दिवसांत, शनिवारी नऊ मार्च होता आणि रविवारी चर्चमध्ये पापांनी सांगितलं, "आज तेवीस." मधले तेरा दिवस गायब! मंगळवारी, पंचवीसला, उपासातही मासे खायचा सण येऊन ठेपला आणि कुणाच्या घरी खारवलेला मासा भिजतही घातलेला नव्हता. लोक त्यावरून हसत होते. मला हसू आलं नाही, कारण काकू उभी राहिली होती.

"पापा, सतरा तारीख कुठाय?"

"यंदा नाही."

"नाही म्हणजे?"

"गाळली. बरंच झालं की, असिमिना. देवानेच तुझी सुटका केली. पुढच्या रविवारी गहू घेऊन ये."

देवाने! अथेन्समधल्या चार दाढीवाल्यांनी केलं, आणि नाव देवाचं! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढचा रविवार म्हणजे जुन्या हिशेबाने सतराच. प्रार्थना संपवून आम्ही बाहेर आलो तर काकू चर्चच्या पायरीवर तबक घेऊन उभी. सणाची निळी ओढणी डोक्याला.

"घ्या. माझ्या अलेक्सिसचा दिवस आहे."

कुणी हलेना. मग पापाच पुढे झाले, चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, "देव त्याला क्षमा करो." मेलेल्या माणसासाठी म्हणायचे शब्द. चुकून नाही, मुद्दाम.

"थुंका," काकू म्हणाली.

"असिमिना!"

"थुंका म्हणते! तो जित्या माणसाचा मुरंबा आहे. तेरा दिवस हरवले तुमचे, त्यांच्यासाठी कुणी गहू शिजवले? ते नुसते गाळले. आणि माझा मुलगा घरी आला नाही, तर लगेच मेला?"

पापांनी तो घास गिळला नाही. थुंकलेही नाहीत. गाल फुगवून तसेच आत गेले आणि दार लोटून घेतलं.

माझ्या अंगाची आग होत होती. मी पुढे होऊन भला मोठा चमचा भरून घेतला आणि पार आतपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "लेक लाभो तुला, काकू!"

मागून एकजण आला. मग आणखी तिघी. बाकीचे जमिनीकडे बघत घरी गेले.

काकूने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुरंबा खाल्लेल्या आम्हा पाचही जणांची नावं हळू आवाजात पुन्हापुन्हा म्हणत ती तबक झाकत होती.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"पाठ करतेय," ती म्हणाली. "आला की विचारेल ना, कोण कोण आलं होतं म्हणून."