मिस्त्रींचा उजवा पाय

गाडीत बसण्याआधी मिस्त्री उजवा पाय धुवायचे. फक्त उजवा. गॅरेजच्या तोंडाशी पाण्याचं पिंप असायचं, त्यातलं तांब्याभर पाणी पावलावर ओतायचं, खांद्यावरच्या गमछ्याने बोटांच्या बेचक्या पुसायच्या, आणि मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून ते उघडं पाऊल ब्रेकच्या पेडलवर ठेवायचं. डाव्या पायात चप्पल तशीच. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, माणूस भाविक दिसतोय. मिस्त्री म्हणायचे, "भाविक कसला? आधी पाय, मग पाना."

तुम्ही तलासरीवरून हायवेने गुजरातकडे गेला असाल तर त्यांचं गॅरेज तुम्हाला दिसलंही असेल आणि लक्षातही राहिलं नसेल. चिंचेखाली चार पत्रे, बाहेर टायरांचा ढीग आणि कायम एखादा ट्रक तोंड उघडून उभा. माझं डहाणूला स्पेअर पार्टचं दुकान आहे. खरं तर माल मी टेम्पोबरोबर पाठवू शकत होतो, पण मिस्त्रींकडे मी स्वतः जायचो. तिथे चहा चांगला मिळायचा आणि चहाबरोबर मिस्त्रींच्या फुशारक्याही.

फुशारकी मारण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. घर झरीचं, शेतकऱ्याचं. भात आणि नागली भावांवर सोपवून हे वापीच्या एका गॅरेजात कामाला लागले, आणि तिथल्या मालकाने म्हणे यांचा पाय बघून ब्रेकचं सगळं काम यांच्यावर टाकलं. "हात सगळ्यांना असतात, शेठ," ते मला सांगायचे, "पाय एखाद्यालाच असतो." पाय शिकवून येत नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी तो कुणाला शिकवलाही नाही. गाडीचे दोष दाखवणारं मशीन त्यांनी माझ्याकडूनच घेतलं होतं. त्यांच्या बायकोने त्याला फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. मशीन काय म्हणतं ते मिस्त्री चष्मा लावून नीट वाचायचे, पण शेवटी पायाने मान्य केल्याशिवाय ते त्यांना पटायचं नाही. "माझ्या पायाने पास केल्याशिवाय एकही गाडी सोडली नाही," हे तर मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांच्या आधी मीच म्हणून टाकायचो.

कैनाडला एका बाईंची चिकूची वाडी आहे. त्यांच्या यजमानांनी हौसेने मोठी परदेशी गाडी घेतली आणि पुढे ते गेले. गाडी विकायची नाही म्हणून बाई साठी उलटल्यावर चालवायला शिकल्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची म्हणजे मुंबई गाठायची, त्यापेक्षा तलासरी बरी. एक दिवस त्या गाडी घेऊन आल्या आणि खाली उतरून आधी मांडी चोळली. म्हणाल्या, "मिस्त्री, पूर्वी नुसता पाय टेकला की थांबायची. आता अर्धं उभं राहून दाबावं लागतंय."

मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो. मिस्त्रींनी पाय धुतला, बसले. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबलं, ते कडक झाल्यावर पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं. बूस्टर चांगला असेल तर या वेळी पेडल पायाखाली किंचित बसतं. बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे बसवलेला ताटाएवढा काळा डबा. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि त्या ओढीचा जोर आपल्या पायाच्या मदतीला येतो. आतला रबरी पडदा फाटला की ती मदत जाते. मिस्त्रींनी मान हलवली, उतरले, बॉनेट उघडून हवेचा पाइप काढला आणि त्याच्या तोंडाशी अंगठा धरला. "पाइप बराबर आहे. वॉल्व्हपण बराबर." मग बाईंना पेडल दाबून धरायला सांगून त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. सायकलच्या पंक्चर ट्यूबसारखा बारीक फुस्स आवाज मलाही बाहेर ऐकू आला. "गेला बूस्टर," मिस्त्री आतूनच म्हणाले.

त्या दिवशी निदान कानाने झालं होतं, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मी नवा बूस्टर मागवला. बसवायचं काम मोठं जिकिरीचं. पुढून मास्टर सिलिंडर सोडवायचा, मग डॅशबोर्डखाली उताणं झोपून अंधारात नट चाचपायचे. दिवसभर मिस्त्रींचे फक्त दोन पाय दाराबाहेर दिसत होते आणि आतून त्या गाडीच्या कारखानदाराचा उद्धार ऐकू येत होता. संध्याकाळी मी दुकानात परतल्यावर त्यांचा मला फोन आला. "शेठ, नवा पण खराब निघाला. बसत नाही पेडल."

होतं असं कधीकधी. मी तो परत घेतला, दुसरा दिला. पुन्हा तेच. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने मला झापलं, दोन्ही तपासून पाठवलेत म्हणाला. मी मिस्त्रींना झापलं असतं, पण ती हिंमत नव्हती. तिकडे बाई बिचाऱ्या रिक्षाने फिरत होत्या आणि रोज फोन करून, घाई नाही बरं का, असं सांगत होत्या. ते ऐकून मिस्त्री जास्तच चिडचिडे झाले.

शेवटी मीच गेलो. म्हटलं, मला एकदा बसू द्या. बूट घालून बसलो म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं. मी ते करायचे तसंच सगळं केलं आणि पेडल पायाखाली अलगद खाली गेलं.

"मिस्त्री, बसतंय की हो."

"तुम्ही विकणारे. तुम्हाला बसणारच."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. ते पाय धुवून बसले, पेडल दाबलं, डोळे मिटले आणि चावी फिरवली. मी दारात वाकून बघत होतो. माझ्या डोळ्यांदेखत पेडल खाली गेलं.

"बघा," डोळे मिटूनच मिस्त्री म्हणाले, "कुठे बसतंय?"

मी आणखी खाली वाकलो. पेडलवर ओलं दिसत होतं. नुकताच पाय धुतलेला, म्हणून मला आधी पाणीच वाटलं. ते पाणी नव्हतं. "मिस्त्री, पाय बघा," मी म्हटलं. त्यांनी पाय वर घेऊन गुडघ्यावर ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी टायरमधल्या तारेचा तुकडा रुतला होता, चांगला आतपर्यंत, आणि तो काही त्या दिवशीचा दिसत नव्हता. बराच वेळ ते दुसऱ्याचा पाय बघावा तसे बघत राहिले. मग पक्कड घेतली आणि तार ओढून काढली. चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"दुखलं नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "शेठ, दुखायला पाहिजे होतं."

साखरेचा आजार त्यांना जुना होता. गोळ्या घेत होते आणि चहात दोन चमचे साखरही घेत होते. पायाच्या नसा मेल्या आहेत, त्या परत येत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिस्त्रींनी ते माझ्यासमोर बाईंना सांगितलं, स्वतः फोन करून बोलावून घेऊन. फुशारकी मारणारा माणूस खाली मान घालून उभा होता, आणि मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. "नव्यातला पहिलाच बूस्टर चांगला होता, बाई. खराबी माझ्यात आहे. गाडी तयार आहे, पण मी ती पास करू शकत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवा."

बाईंनी त्यांच्या बँडेजकडे बघितलं, मग गाडीकडे. "दुसरा कुठून आणू आता?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बाजूला बसा. मी दाबते, तुम्ही विचारा."

असे आम्ही तिघं विवळवेढ्याच्या देवीच्या देवळापर्यंत गेलो. मी मागच्या सीटवर. मिस्त्री सुरुवातीला नुसते बाईंच्या पायाकडे बघत होते. मग एका उतारावर त्यांच्याने राहवेना. "टाच नाही, बाई. अंगठ्याच्या मुळाशी वजन घ्या. हां. आता काय लागतंय?"

"मऊ."

"मऊ म्हणजे कसं? चिकू पिकल्यासारखं की सडल्यासारखं?"

बाईंनी पुन्हा दाबून बघितलं. "पिकल्यासारखं. आत थोडं घट्ट आहे."

"मग बराबर," मिस्त्री म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. देवळापाशी पोचल्यावर बाईंनी नारळ वाढवला, पण मिस्त्री गाडीतून उतरले नाहीत. ते डॅशबोर्डवर हात ठेवून बसले होते.

त्यानंतर त्यांच्या गॅरेजात नवीनच प्रकार सुरू झाला. जो येईल त्याला ते बूट काढायला लावायचे आणि त्याच्याकडूनच पेडल दाबून घ्यायचे. मराठी माणसाला "काय लागलं?" आणि गुजराती ड्रायव्हरला "शुं लाग्युं?" तो म्हणाला ठीक आहे, तर ठीक म्हणजे काय ते सांग, म्हणून पुन्हा दाबायला लावायचे. एक ट्रकवाला वैतागून म्हणाला, मिस्त्री तुम्ही आहात की मी? पण लोक येत राहिले. पाय शिकवून येत नाही म्हणणारा माणूस आता दिवसभर दुसरं काही करत नव्हता.

फक्त बाईंच्या गाडीचा सल त्यांच्या मनातून गेला नाही. बाई सर्व्हिसिंगला यायच्या, ब्रेक झकास आहे म्हणायच्या. मिस्त्री ऐकून घ्यायचे, आणि त्या गेल्या की मला म्हणायचे, "तुमचा शब्द घेतला, त्यांचा घेतला. मी स्वतः नाही बघितली ती गाडी." मी समजूत घालायचो की किती महिने झाले, बाई रोज चालवतात. ते म्हणायचे, "चालवतात ना, म्हणून तर."

मिस्त्री आता नाहीत. गॅरेजच्या जागी शहाळंवाला बसतो, चिंच तेवढी आहे. त्या तारेची जखम काही भरली नाही. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय.

त्यांना मी शेवटचं भेटलो ते झरीला, घरी. ओसरीवर खाट टाकली होती आणि ते गोधडी घेऊन पडले होते. मी खाटेच्या कडेला टेकलो. तेच म्हणाले, "शेठ, पाय दुखतोय."

मी डाव्या पायाकडे बघितलं.

"तो नाही. उजवा." त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "डॉक्टर बोलतो, असं होतं, पाय काढला तरी दुखतो. गोळी दिलीय. ती घेतली की दुखणं जातं, म्हणून घेत नाही मी. अंगठ्याच्या मुळाशी सगळं लागतंय, शेठ. पूर्वीसारखं."

मी गोधडीकडे बघायचं टाळलं.

"आज सकाळी बाईंची गाडी घेतली," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "इंजिन बंद. चारपाच वेळा दाबलं, कडक झालं. मग चालू केलं." ते थांबले. गोधडीखाली त्यांची मांडी ताठ झाली आणि हळूहळू सैल पडली. "बसलं, शेठ. छान बसलं. बाईंना सांगा, गाडी पास आहे."

त्यांना झोप लागल्यावर मी अंगणात आलो, बाईंना फोन लावला आणि निरोप सांगितला.

त्यांनी विचारलं, "मिस्त्रींनी स्वतः बघितली?"

मी म्हटलं, "हो. स्वतः."