आत्याचं थाइम आणि माझं ल्युपिन

"रडलीसुद्धा नाही बघा. दगड आहे दगड!"

स्वयंपाकघरात काकू आईला सांगत होती. मी दाराबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आत्याला जाऊन त्या दिवशी महिना झाला होता, पुण्याहून काका-काकू आले होते आणि बाहेरच्या खोलीत चुलत्या-मावश्या आत्याचे गुण आठवत होत्या. कशी मायाळू, कशी कष्टाळू, झाडांवर कसा जीव... मी तांब्या तिथेच ठेवून परत फिरले. काकूचं चुकलं नव्हतं. मी खरंच रडले नव्हते. मे महिन्यात बाबांचा फोन आला तेव्हा मी चिंचोळीच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करत होते. फोन ठेवला आणि हातातला नमुना तपासून पूर्ण केला. मग बस पकडली. बसमध्ये माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता पुढच्या थंडीत माझी रोपं कोणी उपटणार नाही.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड लिहितात. मला ते जमणार नाही. बाबांची ही थोरली बहीण, लग्न न केलेली, आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात खालच्या खोलीत राहायची आणि माझ्याशी वैर करायची. मंगळवेढ्याकडच्या गावात बाबा शाळेत गेले तेव्हा ती शेळ्यांमागे गेली. ही गोष्ट तिने बाबांना कधी ऐकवली नाही, मला मात्र रोज ऐकवली. मी इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. ती मला नावाने हाक मारायची नाही. "मॅडम उठल्या का?" "मॅडमला भाकरी चालती का, का पावच लागतोय?" आलेल्या-गेलेल्यांसमोर हे चालायचं आणि सगळे हसायचे. मी वर निघून जायचे.

आमच्या दारापुढे फाटकापर्यंत शहाबादी फरशी आहे आणि कुंपणालगत मातीचा एक अरुंद पट्टा. भांडण त्या पट्ट्यावरून सुरू झालं. पुण्याच्या एका रोपवाटिकेतून मी दोन गोष्टी आणल्या होत्या. ल्युपिनच्या बियांचं पाकीट आणि थाइमचं एक लहानसं रोप. ल्युपिन थंड हवेतलं झाड. पंजासारखी पानं, मधून उभा राहणारा फुलांचा तुरा, निळा नाहीतर जांभळा. मला ते हवं होतं. थाइम जमिनीला चिकटून पसरणारं, नखाएवढ्या पानांचं. ते मी कुंडीसाठी आणलं होतं, आणि आत्याने ते मला न विचारता उचललं. चुरगळून वास घेतला, "हा तर आपला ओवाच की," असा निकाल दिला आणि दारासमोरच्या दोन फरश्यांच्या भेगेत लावून टाकलं. वर्षभरात ते चार फरश्यांवर पसरलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती त्याच्यावरून चालायला लावायची. "वरनं या, वरनं! पाय पडल्याबिगर वास येत न्हाय त्याला." मी एकटी उडी मारून पलीकडे जायचे. मुद्दाम, तिच्या डोळ्यांदेखत.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या बिया उगवल्याच नाहीत. त्यांची सालं फार टणक असतात. दुसऱ्या वर्षी मी त्या वाटीत भिजत घातल्या आणि ओट्यावर ठेवून कामावर गेले. ल्युपिनचं बी दिसतं हुलग्यासारखं, करडं, ठिपक्यांचं. आईला वाटलं, उसळीचे हुलगे राहिलेत. तिने ते खरोखरच्या हुलग्यांत मिसळले आणि फडक्यात बांधून मोड यायला टांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, काकाही आले होते. आई फडकं सोडायला लागली तेव्हा आत्याने सवयीने एक दाणा तोंडात टाकला आणि लगेच अंगणात जाऊन थुंकली.

"ह्ये इख हाय! कुणी आणलं ह्ये?"

मी म्हटलं, माझ्या बिया आहेत.

"व्हय गं मॅडम? घरादाराला इख घालायचं शिकिवतेत व्हय त्या शाळेत?"

काका हसले. आई घाबरून रडायला लागली. आत्याने सगळं फडकं खतखड्ड्यात उपडं केलं. खरं तर तिने त्या दिवशी आम्हाला वाचवलं. ते बी विषारीच असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि पाकिटावरची सूचना मी आईला सांगितली नव्हती, ही चूक माझी. पण तिने ती गोष्ट पुढे तीन महिने येईल त्याला सांगितली. दूधवाल्यालासुद्धा.

सगळे जेवायला बसले तेव्हा मी खड्ड्यात हात घालून मोड आलेल्या बिया वेचल्या. फडक्यातल्या ओलाव्याने सालं फुटली होती. आदल्या वर्षी मला जे जमलं नव्हतं ते आमच्या उसळीच्या पद्धतीने एका दिवसात झालं होतं. अकरा रोपं लागली.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरात कोणाच्या झाडाला किती पाणी हा प्रश्न साधा नसतो. ल्युपिनला सतत ओल लागते. मी भाज्या धुतलेलं पाणी घालायचे. आत्या खिडकीतून मोजायची. "ह्ये सोलापूर हाय, काश्मीर न्हाय. माझा ओवा बघ, घोटभर पाणी मागत न्हाय. झाड असावं तर असं." हे तिने इतक्यांदा ऐकवलं की घरात सगळ्यांनी ते खरं धरलं. ल्युपिन लाडावलेलं, थाइम काटक. पुढचं कोणी म्हणायचं नाही, पण कोण लाडावलेलं आणि कोण काटक, ते सगळ्यांना कळायचं.

एका पहाटे मी लवकर उठले होते. खाली पाहिलं तर आत्या थाइमपाशी उकिडवी बसली होती. तिच्या आंघोळीची अर्धी बादली शेजारी होती आणि ती वाटीवाटीने भेगांत पाणी सोडत होती. मग मी रोज पाहायला लागले. रोज अर्धी बादली. उन्हाळ्यात दुपारी ती त्याच्यावर मोडकी छत्री उघडून ठेवायची आणि लोक यायच्या आत काढून घ्यायची. ते झाड काटक नव्हतंच. ती स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करून त्याला काटक दाखवत होती... मी हे कोणाला सांगितलं नाही. चांगुलपणाने नाही. कधीतरी चारचौघांत सांगायला मी ते जपून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत पहिल्या तुऱ्याची खालची फुलं उघडली. निळी. मी फोटो काढला आणि कामावर गेले. संध्याकाळी आले तर पट्टा मोकळा होता आणि अकराही रोपं मुळांसकट खतखड्ड्यात पडलेली.

"मी उपटली," आत्या म्हणाली. "मेंढरं फिरायला लागल्यात. एकानं तोंड लावलं तर मरंल. मुकं जनावर हाय."

रस्त्यावर एकही मेंढरू नव्हतं. कळप यायचे, हेही खरं. पण ते कुंपणाच्या आत कधी आले नव्हते. त्यानंतर ती जाईपर्यंत, मे महिन्यापर्यंत, मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिनेही मला मॅडम म्हणणं बंद केलं. त्यामुळे हाकच उरली नाही. शेवटच्या आठवड्यात एकदा मी थाइमवरून उडी मारली तेव्हा ती दारात बसली होती. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी थांबले नाही. याचं मला वाईट वाटतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर त्या महिन्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे अंगणात आले. काकांनी पावलांनी अंतर मोजलं. आता ही जुनी फरशी उखडून इथे सरळ नवी बसवून टाकू, हा पट्टाही घेऊ, गाडी आत येईल, असं ते बाबांना म्हणाले. बाबांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. काकू माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला बरंच वाटेल. हिचा आणि ताईंचा छत्तीसचा आकडा."

काका थाइमपाशी वाकले. ते हिरवं होतं. आत्या उन्हाळ्यात गेली, त्यानंतर पाऊसही धड झाला नव्हता, आणि तरी ते हिरवं होतं. बूट त्याच्यावर टेकवून ते म्हणाले, "ताई म्हणायची ते खरं. बघा, ती गेल्यापासून कोणी पाणी घातलं नाही तरी जगलंय. असं काटक झाड फुकटात कुठेही येतं, तिकडे मागे लावू एखादी काडी."

ओव्याचा वास आला. मोडकी छत्री जिन्याखाली होती. सकाळी मीच ती तिथे ठेवली होती. इतके दिवस जपलेली गोष्ट सांगायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती, आणि सगळे माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"फुकटात जगलेलं नाही ते," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की आई दारात आली. "आधी ती रोज पाणी घालायची, आता मी घालते. इथे नवी फरशी बसणार नाही. आणि माझं तिच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही."