पंखाबंद मॅडम

भिलाईच्या एप्रिलात, भर दुपारी वर्गातले पंखे बंद करणारी बाई कुणाला आवडेल? आमच्या मॅडम आल्या की हजेरीच्याही आधी पंख्यांची बटणं बंद करायच्या, पर्समधून चिमुकला स्पीकर काढून टेबलावर ठेवायच्या आणि फर्मान सोडायच्या, "पहले कान खोलो, कॉपी बाद में!" घामाने निथळत आम्ही त्यांचं बारसं केलं, पंखाबंद मॅडम. आणि खरं सांगते, त्याच तासाची आम्ही सकाळपासून वाट बघायचो.

त्या विज्ञान शिकवायच्या, पण धडा वाचून नाही. सेक्टर सहामधल्या आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसून त्या फोनवर पॉडकास्ट तयार करायच्या. वाफेच्या दाबाबद्दल बोलताना मागे कुकरची शिट्टी झाली, तर तीही तशीच ठेवली. वर्गात नेमका तिथे स्पीकर थांबवून विचारलं, "अब बताओ, ये सीटी क्यों बजी?" सगळा वर्ग एकदम ओरडला! पुस्तकातला दाब त्या दिवशी आमच्या घरातला झाला.

सगळा वर्ग, म्हणजे मी सोडून. उत्तर यायचं, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी वहीत डोकं खुपसायचे. मॅडमनी ते हेरलं. त्याही आमच्यासारख्या मूळच्या विदर्भातल्या, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायच्या. "कावून वं, तुले येते तं सांगून कावून नाही राहिली?" शेवटी म्हणाल्या, "बरं, मले नको सांगू, फोनले सांग. लोखंड कसं वितळते ते तुह्या बाबाले विचार, अन् घरून रेकॉर्ड करून आण."

बाबा पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला. त्या आठवड्यात त्यांची नाइट होती, आणि नाइटवाला माणूस दिवसा झोपला की आमच्या क्वार्टरांत भांडंसुद्धा वाजत नाही. आई तर खुणांनीच बोलायची. जेवताना बाबांना विचारून घेतलं आणि ते झोपल्यावर रेकॉर्ड केलं. अर्थातच कुजबुजत.

दुसऱ्या दिवशी स्पीकरमधून नुसती खुसफूस. "आवाज़ नहीं आ रही, मॅडम!" मागचे बाक हसायला लागले. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मॅडमनी शांतपणे खिडक्याही लावल्या. "ये नाइट शिफ्टवाले घर का एपिसोड है. किसके पापा दिन में सोते हैं?" निम्म्या वर्गाचे हात वर गेले. मग जो तो आपल्या घरात बसल्यासारखा चिडीचूप झाला. त्या शांततेत माझा आवाज, आणि मागे बाबांचं घोरणं! वर्ग खदखदून हसला, पण पुढचं ऐकायला लगेच गप्पही झाला. वितळलेल्या लोखंडावर मळी तरंगते, हे बाबांनी सांगितलेलं मी त्यात बोलले होते. संपल्यावर एकाने नेमकं तेच विचारलं, "वो मैल लोहे के ऊपर क्यों तैरता है?" मॅडमनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि बोलले. मोठ्याने!

पुढे मॅडम निवृत्त होऊन नागपूरला गेल्या. यंदा बी.एड.च्या सरावपाठासाठी मी भिलाईतल्याच रुआबांध्याच्या एका शाळेत उभी राहिले. पोरांना माझा तोच जुना एपिसोड ऐकवला, त्यांची उत्तरं रेकॉर्ड केली आणि मॅडमना पाठवली. उत्तरही आवाजातच आलं, "अवं पोट्टे, मस्त बोलून राहिले तुहे पोरं! पण पंखा चालू ठेवला न तू? ऐकू येऊन राहिला मले."

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले ती थेट बटणांकडे गेले. मागून एक पोरगं कुरकुरलं, "क्या मॅडम, इतनी गर्मी में?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आता माझंही बारसं होणार.