ओहोटीच्या पायऱ्या

जुन्या बंदराच्या दगडी धक्क्यावर सकाळी पाणी तिसऱ्या पायरीला लागलेले होते. दुपारी आम्ही परतलो, तेव्हा ते अकराव्या पायरीवर उतरले होते आणि मधल्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार दिसत होत्या.

मधला वेळ आम्ही उभयतांनी बंदरावरच्या संग्रहालयात घालवला. आधी संग्रहालय, मग होडीतून बंदराची फेरी, हा क्रम माझाच. तिथला प्रत्येक फलक मी वाचला. काचेच्या पेटीतले गलबत रंगवलेल्या निळ्या पाण्यावर स्थिर उभे होते. बाहेरचे पाणी तसे थांबत नाही, हे मात्र ध्यानात राहिले नाही.

"अहो, भरती-ओहोटी तीस वर्षं शिकवलीत ना मुलांना?" गुडघा चोळत सौ. म्हणाली.

होडीची हौस तिची होती. "राहू दे, पुन्हा कधीतरी येऊ," मी म्हटले.

"पुन्हा आले तर गुडघा काय नवा होणार आहे?" असे म्हणून ती ओल्या पायरीवर सरळ बसली आणि बसत बसतच एकेक पायरी उतरली. होडीवाल्याने हात दिला.

फळ्यावर ओहोटी दाखवताना मी पाण्याची रेघ थोडी खाली ओढत असे. किनारा तोच राहतो, उतरायच्या पायऱ्या तेवढ्या वाढतात, हे त्या आकृतीत कधी आले नाही. वयाचेही बहुधा असेच असावे.

"या आता, बसत बसत!" होडीतून तिची हाक आली.

मी पांढऱ्या, इस्त्रीच्या विजारीकडे एकदा पाहिले आणि शेवाळावर बसलो.