करंदीच्या औषधाची बाटली

आधी एक स्पष्ट करतो, म्हणजे पुढे कुणी माझी समजूत काढायला येणार नाही. मी औषधं मोजण्याच्या धंद्यातला माणूस. चौलला एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उभी हयात घालवली. अंगारे, धुपारे, भुतंखेतं यांची मी तोंडावर टिंगल करत आलो, आणि आजही करतो. माझा विश्वास मेजरग्लासवर. तरीही आपल्या या सदरासाठी हा अनुभव लिहितोय, कारण दहा वर्षं मी त्यातली खोट शोधतोय आणि मला ती सापडलेली नाही.

स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी आषाढात माझी बायको कमल विषमज्वराने गेली. घरात उरलो मी, सहा वर्षांची शालू आणि एक मांजराचं पिल्लू. आजारी पडायच्या पंधरा दिवस आधी कमलने ते रेवदंड्याच्या बाजारातून पदरात गुंडाळून आणलं होतं. "करंदीएवढं तर हाय," असं म्हणून हसली होती. करंदी म्हणजे आमच्याकडची बारीक कोलंबी. तेच नाव पडलं.

कमलचं आणि माझं एका बाबतीत कधीच पटलं नाही. त्या वेळी औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवत असत. माझ्या पट्टीच्या खाचा म्हणजे दवाखान्याचा अभिमान! शालूला ताप-खोकला झाला की मी रुबाबात बाटली आणायचो, आणि माझी पाठ वळली की कमल त्यात कोमट पाणी घालायची. वर दर दोन खाचांच्या मधोमध पट्टीवर अंगठ्याचं नख दाबून आपली खूण करायची. एकदा रंगेहाथ पकडली, तर उलट मलाच म्हणते, "तुमचं माप बाप्यांचं. पोरीचं पोट केवढं, बघा तरी!" मी दोन दिवस बोललो नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

कमलच्या दुखण्यात मात्र पाणी घालायला कुणी नव्हतं. एकही डोस चुकला नाही, वेळ चुकली नाही. तरी ती गेली. शालू हे सगळं उंबऱ्यावर बसून बघत होती. त्यानंतर तिने माझ्या हातचं औषध घेतलं नाही. खोकली तरी तोंड घट्ट मिटून घ्यायची.

भाद्रपदात करंदीला हगवण लागली. एका दिवसात पिल्लाचं चिपाड झालं. डोळे आत, नाक कोरडं, उभं राहिलं की मागचे पाय सरकायचे. शालूने टोपलीत आईच्या जुन्या लुगड्याची घडी घातली, पिल्लू त्यावर ठेवलं आणि स्वतःही जेवेनाशी झाली. मी म्हटलं, "अगं, मी कंपाउंडर आहे! माणसं बरी करतो, हे तर मांजर. उद्या उड्या मारेल."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, हिला तुमचं औषध नका देऊ."

पण मी हट्टी. हे पिल्लू वाचवायचंच, म्हणजे पोरीचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसेल, एवढंच डोक्यात होतं. हगवणीचं आमचं नेहमीचं लाल मिक्श्चर, ज्यात अफूचा अर्क असायचा, ते मी करून आणलं. लहान मुलाचं माप धरलं, त्यातही थोडं कमी केलं आणि स्वतःवरच खूश झालो. सोमवारी सकाळी पिल्लू पंच्यात गुंडाळलं, पोफळीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीचा, तुकडा दुमडून चमचा केला आणि पहिला डोस दिला. पिल्लू लगेच गाढ झोपलं. मला वाटलं, वा, आराम पडला!

शालूला शाळेत धाडून मी आठ वाजता निघालो. मागच्या दाराला आतून आगळ, पुढे कुलूप, चावी माझ्या कनवटीला. एक वाजता परतलो. करंदी डोकं वर करायला धडपडत होती. बाटली फळीवर जिथल्या तिथे होती. पण सकाळी एक खाच खाली गेलेलं औषध पुन्हा गळ्यापर्यंत भरलेलं, आणि रंग... गुलाबी. पाणी घातल्यासारखा.

माझं डोकंच फिरलं. शेजारी जनाकाकी राहायच्या. शाळा सुटली की शालू त्यांच्याकडे थांबायची. मी कुंपणावरूनच विचारलं, "काकी, माझ्या घरात कोण शिरलं होतं?"

काकी सुपाऱ्या सोलत होत्या. "कंपोंडरभाव, चावी तुमच्या कमरेला हाय न्हवं? मग मी काय भितीतून शिरू? पोर शाळंतून आल्यापासनं माझ्याम्होरं बसलीय."

दुसरं औषध हाताशी नव्हतं, म्हणून चरफडत तेच दिलं. संध्याकाळी दवाखान्यातून नवीन बाटली आणली. चांगली लालभडक, स्वतः मोजून, डॉक्टरांना दाखवून. मंगळवारी सकाळी ती द्यायला घेतली, तर शालूने पिल्लू छातीशी धरलं ते सोडेना. उशीर होत होता. म्हटलं ठीक आहे, दुपारी देऊ. पण जाताना बुचावर लाख वितळवून ओतली आणि तीत माझ्या अंगठीचा ठसा उमटवला. चोर पकडायचाच होता!

एक वाजता आलो. कुलूप शाबूत, आगळ शाबूत. लाख अखंड, ठसा जसाच्या तसा. बाटलीत औषध मात्र पहिल्या खुणेच्याही वर चढलेलं, थेट बुचाला टेकलेलं. रंग गुलाबी.

मी लाख फोडली, मेजरग्लास काढला, दवाखान्यातून येताना कुपीत आणलेल्या लाल औषधाशी रंग ताडून पाहिला. निम्मं औषध, निम्मं पाणी. पण सकाळी वरच्या खुणेपर्यंत भरलेल्या बाटलीत एवढं पाणी मावेल कुठे? आणि निम्मं औषध गेलं कुठे? खरं सांगतो, मी घाबरलो नाही. मला आला तो राग. मग रागही ओसरला. त्या शांत घरात, टोपलीशेजारी, मी बाटली हातात घेऊन नुसता बसून राहिलो. मला कमलची फार आठवण आली. त्या दुपारी मी ते पातळ औषधच दिलं, आणि पुढे सगळे डोस त्याच बाटलीतले दिले.

गुरुवारी करंदीने पेज चाटली. शुक्रवारी जनाकाकींनी उकडलेली चार करंदी आणून दिली, ती आमच्या करंदीने संपवली आणि बशीही चाटून लखलखीत केली. शालू त्या दिवशी दोन भाकऱ्या जेवली.

रविवारी अलिबागचे गुरांचे डॉक्टर काकींच्या वाडीत रहाटाचा बैल बघायला आले होते. मी मोठ्या ऐटीत त्यांना माझा पराक्रम सांगितला. मिक्श्चरचं नाव ऐकून त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मांजराला अफू? किती दिलीत?"

मी माप सांगितलं. लाजत, पाणी पडल्याचंही सांगितलं. कुणी घातलं ते सांगितलं नाही, सांगणार तरी काय?

"पाण्याने वाचली ती," ते म्हणाले. "हे निम्मंदेखील मी दिलं नसतं. पहिला पुरता डोस पचला हे नशीब. आणखी एक पुरता गेला असता, तर झोपली ती झोपलीच असती."

घरी येऊन मी बाटली धुवायला घेतली. पट्टी सोलण्यासाठी उजेडात धरली आणि हात थांबला. माझ्या खाचांच्या मधोमध, प्रत्येक दोन खाचांच्या मध्ये, नखाची एकेक खूण होती. ही बाटली कमल गेल्यावर दोन महिन्यांनी आणलेली. पट्टी मी स्वतः कापलेली, कोऱ्या कागदाची.

मी धुतली नाही ती. आजही माझ्याकडे आहे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, नजरचूक. एक विद्वान मित्र म्हणाला, दुःखाने मनुष्य झोपेत काहीबाही करतो. करत असेल, पण भर दुपारी, दवाखान्यात रांगेपुढे उभा असताना? ज्याला स्पष्टीकरण द्यायचं त्याने जरूर द्यावं. आधी त्या लाखेचं काय ते सांगावं. मापात मी चुकलो होतो हे कबूल करायला मला एक मांजर लागलं.

करंदी मागच्या वर्षी म्हातारी होऊन गेली. पण मला आठवतो तो त्या वर्षीचा पौष. शालूला खोकला झाला. मी बाटली घेऊन बसलो, ती तोंड मिटून बसली. मग बाटलीकडे बघून तिने विचारलं, "बाबा, पाणी घातलंत?"

पाण्याचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मी उठलो, चुलीवरचं कोमट पाणी आणून बाटलीत ओतलं, आणि दोन खाचांच्या मधोमध अंगठ्याचं नख दाबलं. तिने ती खूण नीट पाहिली आणि तोंड उघडलं.